कंट्रोलर इंगळ्यांचा शब्द

मी दातांचा डॉक्टर आहे. देऊळगाव राजाला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना आहे, त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही. एकदा मुळाचा तुकडा आत राहिला, एकदा दुसऱ्याच दाढेचा एक्स-रे काढला. त्या चुका सुधारता आल्या. ज्या चुकीबद्दल आज लिहितोय ती हत्यारानं नाही, तोंडानं झाली. एका सकाळी दवाखान्यात आठ-नऊ माणसं बसलेली असताना मी सुखदेव इंगळे या सत्तरीतल्या माणसाला म्हणालो, "काका, या वयात खोटं बोलता, बरं दिसतं का?"

ते खोटं बोलले नव्हते. ते कधी खोटं बोलल्याचं या गावात कोणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही, आणि त्यांना खोटारडा म्हणणारा मी पहिलाच. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. त्यांच्याबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहाव्यात असं अनेकदा मनात आलं, पण हे आधी सांगितल्याशिवाय बाकीचं लिहिणं मला जमेना.

इंगळेकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाव त्यांना कंट्रोलरच म्हणायचं. मूळचे ते पार वरचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्याचे. बदलीवर इकडे आले आणि इथलेच झाले. बोली मात्र त्यांनी बदलली नाही. आमच्याकडे जालन्याचं वारं, त्यामुळे त्यांचं 'मले-तुले' ऐकून कॉलेजची पोरं हसायची. ते माईकवरूनच म्हणायचे, "हसा, हसा. पण गाडी कोनत्या फलाटावर लागली ते आयका."

आमच्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे बसस्टँडवरचा आवाज हा आमच्याकडे मोठा आवाज असतो. इंगळेकाकांचा आवाज खणखणीत होता, पण लोक कान द्यायचे ते त्यासाठी नाही. तो खरं सांगायचा. दुसरा कंट्रोलर असला की उशीर झालेली गाडी 'थोड्याच वेळात' येत असे. इंगळेकाका असले की भोंग्यातून यायचं, "चिखलीहून येणारी जालना गाडी मेरा खुर्दच्या अलीकडं बंद पडली हाय. दोन घंटे येत नाही. ज्याले दवाखान्यात, नाही त कोर्टात जाणं असन त्यानं जीप पाहावी."

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे ऐकलं. ते केबिनमध्ये शिरले. "इंगळे, तुम्ही पगार एसटीचा घेता की जीपवाल्यांचा?"

"एसटीचाच घेतो साहेब. पण मायबहिनी उन्हात लेकरं घेऊन बसून राह्यल्या. त्यायले 'येऊन राह्यली' म्हणून कसं सांगू? गाडी येत नाही ना!"

साहेबांनी लेखी समज दिली. काकांनी ती घेतली, पोच दिली आणि नोंदवहीत वेळ टाकली.

त्या नोंदवहीशिवाय ते मला आठवतच नाहीत. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटण, खिशात दोन पेनं, आणि काखेत लांबडी वही. निवृत्तीनंतर गाड्या संपल्या, वही चालूच राहिली. नळ किती वाजता आला, लाईट कधी गेली, कोणत्या भाजीनं पोटात दुखलं, सगळं त्यात. "नोंद नसन त गोष्ट झालीच नाही," असं ते म्हणत. काकू, म्हणजे कमलबाई, वैतागून म्हणायच्या, "माह्याशी भांडले का तेबी लिवतेत. वर वेळ टाकतेत."

मी विद्यार्थी असताना एकदा स्टँडवर धावत पोचलो आणि बुलढाणा गाडी फाटकातून बाहेर पडली. मी तिच्यामागं पळालो. मागून भोंगा म्हणाला, "ये निळ्या शर्टवाल्या, थांब. गेलेल्या गाडीमागं धावलं का माणूस पडते. पुढची साडेनऊले हाय." सगळा स्टँड हसला. मी थांबलो. ओळख अशी झाली.

निवृत्तीनंतर त्यांचा आवाज त्यांच्या वस्तीतल्या विहारात ऐकू यायचा. दर रविवारी सकाळी आठला बुद्धवंदना. काका पुढे बसून पंचशील म्हणायचे आणि मागं सगळी वस्ती म्हणायची. हा मान त्यांना कोणी ठरवून दिला नव्हता. ज्याचं वागणं धड आहे त्यानं शील द्यावं आणि बाकीच्यांनी घ्यावं, अशी तिथली रीत. खोटं न बोलण्याचं चौथं, नशा न करण्याचं पाचवं.

पण पन्नास वर्षांच्या तंबाखूनं त्यांचे वरचे पुढचे चार दात नेले. कोणीतरी त्यांना काढती-घालती कवळी बसवून दिली होती. ती सैल होती. एका लग्नात ते माईकवर वधूवरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेत असताना कवळी उडाली आणि थेट नवरदेवाच्या मामाच्या मांडीवर पडली. काकांनी ती उचलली, पाण्याच्या ग्लासात बुडवली, परत बसवली आणि माईकमध्ये म्हणाले, "वधूवरांनी थांबावं. दोन मिनिटं लेट हाय."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. हसत आले, पण खुर्चीत बसल्यावर हसणं गेलं. "डाक्टर, 'स' म्हणलं का शिट्टी वाजते. पोरीसोरी तोंडाले पदर लावते. शील घेताना लोकायनं हसू नये. कायीतरी पक्कं करून द्या."

मी इम्प्लांटबद्दल सांगितलं. हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू बसवायचे, हाड त्यांना धरतं, मग वर चार दातांचा पूल. ते म्हणाले, "म्हणजे आधी खांब गाडाचे, मंग पत्रे."

मी विचारलं, "बीपी आहे?"

"हाव."

"गोळी चालू आहे?"

"रोज सकाळी सात वाजून धा मिनिटाले."

मी कार्डावर लिहिलं: 'बीपी, गोळी चालू.' कोणती गोळी ते विचारलं नाही. ती रेघ आजही त्या कार्डावर आहे आणि मी ती बरेचदा पाहिली आहे. खरं तर विचारायचं ते त्यांनीच मला विचारलं होतं. "डाक्टर, बीपीच्या गोळीचा आन या खांबायचा काई संबंध असते का?"

"काही नसतो," मी म्हणालो. "गोळी बंद तेवढी करू नका. तंबाखू मात्र सोडावी लागेल, तरच हात लावतो."

त्यातलं गोळी बंद करू नका आणि तंबाखू सोडा एवढं बरोबर होतं. बाकी मी घाईत बोललो होतो.

तंबाखू त्यांनी कशी सोडली ते मला मायानं सांगितलं. माया माझ्या दवाखान्यात पंधरा वर्षं काम करते, त्याच वस्तीतली आहे. त्या रविवारी पाचवं शील म्हणून झाल्यावर काका मागं वळले आणि सगळ्यांना म्हणाले, "आजपावतर हे शील मी गालात तंबाखू ठेवून म्हणत होतो. तुमाले माहीत होतं, तुमी बोलले नाही, तो तुमचा मोठेपणा. आजपासून खाणार नाही." डबी त्यांनी काकूंकडे दिली. काकूंनी ती घासून त्यात सुया-दोरे ठेवले. काका त्याऐवजी बडीशेप चघळू लागले. पहिला महिना घरात कोणाशी धड बोलले नाहीत, पण तंबाखूला हात लावला नाही.

इम्प्लांट छान झाले. साडेचार महिन्यांनी दोन्ही स्क्रू हाडानं असे धरले होते की मला माझाच अभिमान वाटला. पूल बसवला त्या दिवशी मी म्हणालो, "काका, काहीतरी बोलून बघा." ते खुर्चीत ताठ झाले आणि स्टँडवरच्या आवाजात सुरू झाले, "सिंदखेड राजा, साखरखेर्डा, शेगाव, संग्रामपूर, सोनाळा!" एकही शिट्टी नाही. बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आत डोकावून विचारलं, "कोनची गाडी लागली?"

हे मार्चमध्ये. ऑगस्टच्या शेवटी ते परत आले. नव्या दातांभोवतीची हिरडी फुगली होती. दातांच्या फटींतून लालसर गोळे वर आले होते, बोट लावलं की रक्त. मी साफ केलं, तोंड धुवायचं औषध लिहून दिलं. महिन्यानं आले, तेच. पुन्हा साफ केलं, औषध चालू ठेवायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला पाहतो तर हिरडी दातांवर चढायला लागलेली, आणि दातांच्या कडांना तपकिरी डाग.

त्या डागांनी माझी खात्री झाली. तंबाखूची तोंडं मी रोज पाहतो. दहातले सात जण 'सोडली' म्हणतात आणि खिशात पुडी असते. माझ्या केबिनचं दार उघडं होतं.

"काका, पुन्हा सुरू केली ना?"

"काय?"

"तंबाखू."

"नाही डाक्टर."

"हे डाग कशाचे मग?"

"मले काय ठाऊक? पण मी सांगतो, हे सुजणं कवापासून हाय. मे महिन्यात सरकारी दवाखान्यात माही गोळी बदलली, त्याची नोंद…" त्यांनी वही उघडली.

"वही राहू द्या हो," मी म्हणालो. बाहेर गर्दी होती, माझा आवाज चढला. "एवढी मेहनत घेतली मी तुमच्यावर. खाल्ली असेल तर खाल्ली म्हणा. काका, या वयात खोटं बोलता, बरं दिसतं का?"

बाहेरचं बोलणं थांबलं. काकांनी वही बंद केली. शर्टाचं वरचं बटण लागलेलंच होतं, तरी त्यांनी ते चाचपून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "तुमाले दिसलं ते तुमी बोलले. पण मी खाल्ली नाही." आणि बाहेर बसलेल्या प्रत्येकाला नमस्कार करत, रोजच्यासारखेच, निघून गेले.

दोन-तीन आठवड्यांनी माया हत्यारं उकळायला ठेवता ठेवता म्हणाली, "सर, इंगळेबाबूजींनी शील द्यायचं सोडलं."

"का?"

"तुमच्यामुळं की. तुम्ही खोटं म्हणलात, ते वस्तीत गेलं. कोणी त्यांना बोललं नाही, पण दोघं-चौघं कुजबुजले. तर तेच म्हणाले, ज्याच्या शब्दावर शंका हाय त्यानं चौथं शील देऊ नये. आता शेवटच्या रांगेत बसतात. सगळ्यांसोबत मागून म्हणतात."

मी म्हणालो, "खायची नव्हती ना मग." मायानं उकळत्या भांड्याचं झाकण जरा जोरात ठेवलं.

दिवाळीनंतर जालना रोडवरच्या एका खेड्यातल्या शाळेच्या बाई आल्या. तोंड उघडलं आणि मी बघतच राहिलो. तीच हिरडी, तेच गोळे. सवयीनं विचारलं, "तंबाखू, मिश्री काही?"

"अहो सर, मी सुपारीसुद्धा खात नाही!" बाई रागावल्याच.

"गोळ्या कसल्या चालू आहेत?"

त्यांनी पर्समधून बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढली. अमलोडिपिन.

कॉलेजात तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता. कोणत्या औषधांनी हिरडी वाढते? मी घडाघडा तीन नावं सांगितली होती, त्यात हे होतं. सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतं, पण होतं, आणि गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत दिसू लागतं. उत्तर मला येत होतं. फक्त समोरच्या माणसाला विचारायचं मी सोडून दिलं होतं. त्या दुपारी मी पुस्तकं काढून बसलो. बीपीच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. काही हाडाच्या बाजूनं असाव्यात, त्या घेणाऱ्यांत इम्प्लांट चांगले टिकलेले दिसतात, असंही वाचलं. म्हणजे काकांचा प्रश्न वेडगळ नव्हता. आणि ते तपकिरी डाग? तोंड धुवायचं जे औषध मी लिहून दिलं होतं, ते महिनोन् महिने वापरलं की दातांवर तसेच डाग पडतात. मी थांबवा म्हटलं नव्हतं, म्हणून ते रोज दोन वेळा वापरत होते. माझ्याच औषधाचा डाग दाखवून मी त्यांना खोटं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. काका ओट्यावर बडीशेप निवडत बसले होते. "या, या डाक्टर! अवो, चहा ठेव." जणू काही झालंच नव्हतं. मी वही मागितली. मे महिन्याचं पान निघालं. सुवाच्य अक्षरात: 'आज गोळी बदलली. जुनी बंद, नवी सुरू.' गोळीचं नाव नीट उतरवलेलं: अमलोडिपिन. जुलैत: 'हिरडीस खाज.' ऑगस्टात: 'ब्रश करताना रक्त.' मग: 'डॉक्टरांना दाखविले.' आणि त्या दिवसाच्या पानावर, ज्या दिवशी मी बोललो होतो, एकच ओळ: 'डॉक्टरांचा गैरसमज झाला.' पुढे वेळ टाकली होती.

"ही नवी गोळी तुम्ही बंद नाही केली?" मी विचारलं. "तुम्हाला तर शंका होती."

"डाक्टरनं देलेली गोळी आपल्या मनानं काऊन बंद करू? डोक्यात रक्त चढलं त मंग? हिरडी काय, वाढन."

मी म्हणालो, "काका, हे गोळीमुळेच झालंय. तंबाखूनं नाही."

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. "म्हणजे मी खरा होतो?"

"हो."

"आयकलं का वो? डाक्टर म्हणून राह्यले, मी खरा होतो!"

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मले त ठाऊकच होतं. मले काय सांगता? जिथं बोलले तिथं सांगा म्हनावं."

"तू गप बस. पाव्हण्याले असं बोलते का कोणी?"

मी चहा प्यालो आणि आलो. माझ्या तोंडून 'गोळीमुळे झालं' निघालं, 'मी चुकलो' निघालं नाही. त्यात फरक आहे, आणि तो मला त्या ओट्यावरच कळला होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहिली. त्यांनी गोळी बदलली, बीपी तपासत राहिले. अडीच-तीन महिन्यांत हिरडी ओसरली, थोडी उरली ती मी कापून सारखी केली. डाग घासून काढले. हाडातले दोन्ही स्क्रू पहिल्या दिवसाइतके घट्ट होते. काका खूश होते. पण माया दर सोमवारी न विचारता सांगायची, "बाबूजी कालपण मागंच बसले."

मी काय करत होतो? कारणं गोळा करत होतो. डॉक्टरनं आपली चूक गावापुढे सांगितली तर कोण येईल दवाखान्यात? विहारात मी कधी गेलो नव्हतो, एकदम जाऊन काय बोलणार? आणि या सगळ्यांच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मी फार दिवस टाळली. त्या खुर्चीत माझ्या भावकीतला कोणी पन्नास एकरवाला बसलेला असता, तर मी दार लावून घेतलं असतं. आवाजही खाली आणला असता. बहुधा त्याची वहीसुद्धा वाचली असती. मी स्वतःला तसा माणूस समजत नव्हतो. अजूनही हे लिहिताना हात अडतो.

शेवटी मायालाच विचारलं, "रविवारी मी आलो तर चालेल?"

"कोणी अडवलंय सर?" ती म्हणाली. "डोक्यावर काही बांधावं लागत नाही, चप्पल बाहेर काढायची."

पुढं इंगळेकाका पुन्हा पुढे बसू लागले, आणि जायच्या आदल्या रविवारपर्यंत त्यांनीच शील दिलं. ते मी दोन-तीनदा ऐकलंही. पण मला ते आठवतात ते त्या रविवारचे. विहार भरलेला होता. वंदना एक तरुण शिक्षक म्हणत होते. काका शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ न टेकता, हात जोडून, डोळे मिटून बसलेले, आणि बाकीच्यांसारखेच मागून म्हणत होते. इतक्या आवाजांत त्यांचा वेगळा कळत होता. चौथं शील आलं तेव्हा तो जरा खाली गेला.

वंदना संपल्यावर माया उठली आणि म्हणाली, "सरांना काही बोलायचंय." मी पुढे जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते लिहून आणलं होतं, कागद खिशातच राहिला. मी सांगितलं की हिरडी गोळीनं वाढली होती, डाग मी दिलेल्या औषधाचे होते, काकांनी मला खरं सांगितलं होतं, वही दाखवत होते आणि मी ती पाहिली नाही. त्यांनी तंबाखूला हात लावलेला नाही. मागच्या एक-दोन म्हाताऱ्या बायांनी काकूंकडे पाहिलं. काका मान खाली घालून सतरंजीकडे बघत होते, जणू चूक त्यांची होती आणि ती सगळ्यांसमोर निघाली होती.

मग माझ्या लक्षात आलं की मी लोकांशी बोलतोय. अजून त्यांच्याशी बोललोच नाही.

मी रांगांमधून मागं गेलो. लोकांनी पाय आवरून वाट दिली. त्यांच्यासमोर सतरंजीवर बसलो. त्यांनी मान वर केली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला थांबवायलाच ठेवला असावा, कारण ते म्हणायला लागले होते, "जाऊ द्या ना डाक्टर…"

"नाही काका," मी म्हणालो. "तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला खोटं म्हणालो. मी चुकलो. मला माफ करा."